गाणे आपले, खाते कोणाचे?

एप्रिल महिना जवळ आला की वस्त्यावस्त्यांतून नवी भीमगीते ऐकू येऊ लागतात. पूर्वी ती कॅसेटवर येत. मग सीडी आली. त्यानंतर मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून देण्याचा धंदा आला आणि सीडीही गेली. आज गाणे थेट मोबाइलवर येते. पूर्वी गायकाला मुंबईच्या कंपनीचे दार ठोठवावे लागे, तिथल्या साहेबाची मर्जी सांभाळावी लागे. आज मराठवाड्यातल्या एखाद्या तांड्याशेजारच्या भीमनगरातला पोरगा घराच्या खोलीत भिंतीला गोधड्या टांगतो, दोन-चार हजारांचा माइक संगणकाला जोडतो, ऑडॅसिटीसारखे फुकटचे सॉफ्टवेअर उघडतो आणि ढोलकी-हार्मोनियमसह गाणे रेकॉर्ड करून संध्याकाळपर्यंत जगापुढे ठेवतो. कोणाची परवानगी नाही, कोणाची दलाली नाही.

आम्ही याचे मनापासून स्वागत करतो. मात्र स्वागत करून गप्प बसणे आम्हाला जमणार नाही. कारण गाणे स्वतः रेकॉर्ड केले म्हणजे ते आपोआप स्वतःचे झाले, असा जो समज आपल्या कलावंतांत पसरला आहे तो धोक्याचा आहे.

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’ने त्याची साधी जाहिरात छापली नाही. हा इतिहास आपण भाषणांतून नेहमी सांगतो. परंतु त्यातून बाबासाहेबांनी काय धडा घेतला, हे सांगायला विसरतो. त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ काढले, ‘जनता’ काढले आणि स्वतःचा भारत भूषण छापखाना उभा केला. विचार आपला असून भागत नाही; तो ज्या यंत्रातून बाहेर पडतो ते यंत्रही आपल्या ताब्यात असावे लागते. आपल्या शाहिरांच्या वाट्याला हा छापखाना कधी आलाच नाही. वामनदादा कर्डकांनी हजारो गीते लिहिली, गावोगाव पायपीट करून गायली, खेड्यातल्या निरक्षर बाईच्या तोंडी बाबासाहेबांचा विचार नेऊन ठेवला. त्यांचे स्वतःचे जिणे मात्र अखेरपर्यंत फकिरीचेच राहिले. त्यांच्या शब्दांवर कोणी किती कमावले, याचा ताळेबंद कोणी मांडला आहे काय?

आमच्या वकिलीत कॅसेट काळातली अशी अनेक कागदपत्रे आमच्या हातून गेली. बहुतेक ठिकाणी करार म्हणजे एक पावती. रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही, एक ठोक रक्कम आणि खाली ‘सर्व हक्क कंपनीकडे’ ही ओळ. आठ गाण्यांची रक्कम गायकाला प्रवासखर्चासह दिलेली. कवीचे नाव पावतीत नाहीच, कारण कवी त्या दिवशी रोजावर गेला होता! पुढे कॅसेट लाखात खपली की शेकड्यात, हे विचारण्याची सोयच नव्हती.

तो काळ गेला असे ज्यांना वाटते त्यांनी आजच्या ‘चॅनेलवाल्यां’कडे पाहावे. गावातला किंवा तालुक्याच्या ठिकाणचा एखादा हुशार मुलगा म्हणतो, ‘दादा, तुम्ही फक्त गा, बाकीचे मी बघतो.’ चॅनेल त्याच्या ईमेलवर उघडले जाते, बँक खाते त्याचे जोडले जाते, पॅन त्याचाच. गुगलच्या जाहिरात खात्यात थोडी कमाई जमली की पत्त्याची खात्री करण्यासाठी टपालाने एक पिन येतो. तो पिनसुद्धा त्याच्याच घरी येतो. गायकाला लाखो लोकांनी गाणे पाहिल्याचा आकडा दाखवला जातो आणि गायक खूश होतो. आकडा गायकाचा, डॉलर चॅनेलवाल्याचे! कॅसेट कंपनीवाला परका तरी होता. हा आपलाच आहे, ‘जय भीम’ म्हणून भेटतो, म्हणून हिशेब मागायला जीभ रेटत नाही.

म्हणून आधी कायदा समजून घेऊ. एका गाण्यात एक नव्हे, निदान तीन मालमत्ता असतात. शब्दांची मालकी कवीची, चालीची मालकी संगीतकाराची आणि ध्वनिमुद्रणाची मालकी निर्मात्याची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणून गायकाचे नाव नाही, निर्मात्याचे आहे. गायकाला कलावंत म्हणून वेगळे हक्क आहेत, २०१२ च्या दुरुस्तीने ते पुष्कळ बळकटही झाले. पण मूळ रेकॉर्डिंग ज्याने स्वतःच्या पुढाकाराने आणि जबाबदारीवर करवले, मालक तो. म्हणूनच गोधड्या टांगून घरी केलेल्या रेकॉर्डिंगला एवढे मोल आहे. गाणे स्वतः लिहिले, चाल स्वतः बांधली, मुद्रण स्वतः केले तर तिन्ही मालमत्ता एकाच घरात येतात. मग ‘तुम्ही फक्त गा’ म्हणणाऱ्याच्या हाती मूळ फाइल आणि खाते का सोपवायचे?

जुन्या करारांनी हात बांधलेल्या कलावंतांनीही निराश होण्याचे कारण नाही. कॉपीराइटचे हस्तांतरण लेखी आणि सहीचे असावेच लागते; तोंडी दिलेल्या शब्दाला कायद्यात किंमत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क भारतापुरताच दिला असे मानले जाते. मे १९९५ पासून या तरतुदी अमलात आहेत. म्हणजे १९९८ साली सही केलेल्या ज्या पावतीवर मुदतीचा शब्दही नाही, त्या पावतीच्या जोरावर कंपनी आज तुमच्या शब्दांची मालक म्हणून मिरवत असेल तर तिला कागद दाखवायला सांगा. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी झाल्या. करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा वापरात नव्हते, ते करारात नाव घेऊन लिहिल्याशिवाय त्यावरचा हक्क जात नाही. आणि कलम १९ मध्ये चित्रपटाबाहेरच्या गाण्यांसाठी स्वतंत्र पोटकलम आले : ध्वनिमुद्रणासाठी हक्क दिले तरी त्या गाण्याच्या कोणत्याही वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीत कर्त्याचा समान वाटा मागण्याचा हक्क शाबूत राहतो. भीमगीत हे चित्रपटाबाहेरचेच गाणे आहे. राज्यसभेत जावेद अख्तर या दुरुस्तीसाठी झगडले तेव्हा चर्चा हिंदी सिनेमाच्या गीतकारांची झाली. पण हे पोटकलम आपल्या कवींच्या फार कामाचे आहे आणि आपल्या कवींनाच ते ठाऊक नाही! दावा लावायला मुंबईलाच जावे लागते असेही नाही. कलम ६२ प्रमाणे कर्ता जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात तो दाद मागू शकतो.

आता एक कटू गोष्ट बोलली पाहिजे. आपल्या भीमगीतांची मोठी संख्या सिनेमाच्या चालीवर बांधलेली आहे. जलशाच्या काळात त्यात काही वावगे नव्हते. लोकांच्या ओठांवरची चाल घ्यायची आणि तिच्यात आपला विचार भरायचा, हे प्रबोधनाचे हत्यार होते. ते मैदानात चालले. इंटरनेटच्या बाजारात मात्र ते चालत नाही. यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ नावाची यंत्रणा २००७ पासून आहे. मोठ्या कंपन्यांनी जमा केलेल्या मूळ गाण्यांशी ती तुमचे गाणे ताडून पाहते आणि चाल जुळली की तुमच्या गाण्याची जाहिरातीची कमाई थेट त्या कंपनीकडे वळू शकते. म्हणजे शब्द बाबासाहेबांवरचे, आवाज तुमचा, घाम तुमचा आणि पैसा सिनेमाच्या कंपनीचा. कायद्यातली कव्हर गाण्याची सवलतही इथे उपयोगी पडत नाही. ती मूळ मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षांनी, आगाऊ रॉयल्टी भरून आणि मूळ कृतीत फेरफार न करता मिळते. शब्द बदलले की फेरफार आलाच. तेव्हा ज्याला गाण्यावर पोट भरायचे आहे त्याने चाल स्वतःची बांधावी. डफ, हलगी, दिमडी, तुणतुणे ही वाद्ये ज्यांच्या घरात जन्मली त्यांना चालीची उसनवारी करावी लागावी, हे आम्हाला खटकते.

हीच यंत्रणा उलटही फिरते. एखाद्या शाहिराने वीस वर्षांपूर्वी कंपनीसाठी गायलेले स्वतःचे गाणे आज घरी नव्याने गाऊन टाकले, तर जुन्या कंपनीचा दावा त्याच्याच गाण्यावर येऊ शकतो. अशा वेळी घाबरून गाणे काढून टाकू नये. दाव्याला हरकत घेता येते. दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस असतात आणि त्याने उत्तर दिले नाही तर दावा सुटतो. कंटेंट आयडी हा त्या कंपनीचा अंतर्गत कारभार आहे, न्यायालयाचा निकाल नव्हे. मात्र कागद हातात असल्याशिवाय भांडू नये, कारण ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक आले तर चॅनेलच बंद होऊ शकते.

पैसा येतो तरी कसा? यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तासांचे दर्शन लागते (किंवा शॉर्ट्सवर ९० दिवसांत एक कोटी दर्शने). त्यानंतर नेहमीच्या व्हिडिओवर ५५ टक्के कर्त्याला मिळतात आणि १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे हातात येत नाहीत. कराचा फॉर्म भरला नाही तर २०२१ पासून एकूण कमाईच्या २४ टक्क्यांपर्यंत अमेरिकेचा कर कापला जाऊ शकतो. पॅन देऊन फॉर्म भरला की भारताशी असलेल्या करारामुळे फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईवर १५ टक्के. अर्ध्या तासाचे काम आहे, पण कोणी सांगत नाही.

स्पॉटिफाय, जिओसावन यांच्यावर गाणे न्यायचे तर मध्ये वितरक लागतो. ट्यूनकोअर, डिस्ट्रोकिड, सीडी बेबी असे अनेक आहेत. कोणी वर्षाची वर्गणी घेतो, कोणी कमाईतला हिस्सा. वर्गणीवाल्याची वर्गणी थकली की गाणे खाली उतरू शकते, हे सही करण्याआधी वाचावे. स्पॉटिफाय दर ऐकण्यामागे ठरलेला पैसा देत नाही. सगळ्यांची वर्गणी एका हंड्यात जमा होते आणि एकूण ऐकण्यातल्या हिश्श्याप्रमाणे वाटली जाते. म्हणजे आपला एखादा समाजबांधव महिनाभर फक्त भीमगीतेच ऐकत असला तरी त्याच्या वर्गणीतला मोठा भाग त्याने कधी न ऐकलेल्या सिनेमाच्या गाण्यांकडे जातो. त्यात २०२४ पासून वर्षभरात एक हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. ज्याचे थोडे आहे ते काढून ज्याचे पुष्कळ आहे त्याला वाढायचे, ही रीत आपल्याला नवीन नाही.

गाजलेल्या गाण्याचे तरी भले होते काय? तामिळनाडूच्या ‘एन्जॉय एन्जामी’ या गाण्याकडे पाहा. २०२१ साली हे गाणे जगभर गेले. भूमिहीन मळेमजुरांच्या आठवणीतून अरिवू या दलित कलावंताने त्याचे शब्द उभे केले. पुढे एका मोठ्या संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर गाण्याचा गौरव झाला, तेव्हा तिथे अरिवूच दिसला नाही, आणि त्यावरून देशभर वाद झाला. मार्च २०२४ मध्ये संगीतकार संतोष नारायणन यांनी जाहीरपणे सांगितले की या गाण्यापासून आम्हा तिघाही कलावंतांना एक पैसा मिळालेला नाही. ते गाणे सिनेमाच्या कंपनीचे नव्हते. स्वतंत्र कलावंतांसाठी म्हणून निघालेल्या मंचाचे होते. ‘स्वतंत्र’ या शब्दाला भुलू नये, हिशेबाचे कलम पाहावे.

आमच्या मते खरी कमाई थेट विक्रीत आहे. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी कलावंत स्वतः किंमत ठरवतो आणि डिजिटल विक्रीवर कंपनी साधारण १५ टक्के घेते. लंडन, न्यू जर्सी, आखाती देश इथल्या आंबेडकरी बांधवांपर्यंत पोहोचायला हे चांगले साधन आहे. पण तिथला पैसा पेपालमधून येतो आणि पेपालने भारतातला अंतर्गत व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केला; त्यामुळे इथल्या श्रोत्याला ते अडचणीचे आहे. इथे यूपीआय आहे. कार्यक्रमाच्या ठिकाणी क्यूआर कोडचा फलक लावा, दहा गाण्यांचे पन्नास रुपये घ्या, पैसे देणाऱ्याच्या मोबाइलवर गाण्यांची लिंक पाठवा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आपला माणूस पोटाला चिमटा घेऊन पुस्तके विकत घेतो, हे सारे जग आश्चर्याने पाहते. जो माणूस पुस्तकाला पैसे देतो तो गाण्याला का देणार नाही? त्याच्याकडे कोणी मागितलेच नाहीत.

इथे दोष आपल्याकडेही येतो. मंडप, डीजे, रोषणाई यांना हजारो रुपये मोजणारी जयंती समिती शाहिराला म्हणते, ‘समाजाचे काम आहे, मानधन कसले?’ वर त्याचा कार्यक्रम पाच मोबाइलवर चित्रित होतो आणि पाच चॅनेलवर चढतो. डीजेवाल्याला कोणी समाजाचे काम सांगत नाही. कलावंताच्या सादरीकरणाचे चित्रण त्याच्या संमतीशिवाय करणे कायद्याने त्याच्या हक्काचा भंग आहे. जयंती समितीलाही यातून सूट नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार बोचते. आपल्या कवींनी शेवटच्या अंतऱ्यात स्वतःचे नाव गुंफण्याची परंपरा जपली. वामनदादांच्या गीतात शेवटी ‘वामन’ येतो, तो केवळ अलंकार नव्हता. ज्याच्याजवळ ना नोंदणी, ना करार, ना छापील पुस्तक, त्याची ती सातबाऱ्यावरची नोंद होती. आज रील अर्ध्या मिनिटाची. ती धृवपदावर सुरू होते आणि धृवपदावरच संपते. शेवटचा अंतरा गेला की कवी गेला. खाली माहितीत गायकाचे नाव, चॅनेलचे नाव, कॅमेरावाल्याचे नाव. कवीच्या जागी ‘पारंपरिक’! वामनदादा २००४ साली गेले; कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या ६० वर्षांच्या हिशेबाने त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत राहतो. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले; त्यांचा हक्क २०२९ अखेरपर्यंत. ही गाणी ‘पारंपरिक’ नाहीत. कवीने हक्क विकला तरी नावाचा हक्क कलम ५७ ने त्याच्याकडेच राहतो. उलट बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा कॉपीराइट २०१६ अखेरीस संपला आहे. त्यांच्या भाषणांतला उतारा घेऊन कोणीही गाणे बांधावे, त्याला कोणी अडवू शकत नाही.

घरी रेकॉर्डिंग करणारा गायक कायद्याने निर्माता होतो, म्हणजे तो स्वतःच कंपनी होतो, हेही त्याने ओळखावे. काल कंपनीने त्याला जी पावती दिली तीच तो आज कवीला आणि ढोलकीवाल्याला देणार काय? मुद्रणाआधी एक साधा मराठी कागद करावा. शब्द कोणाचे, चाल कोणाची, वाजवणारे कोण, कमाईतून कोणाला किती आणि कधी, मुदत किती वर्षांची, एवढे लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. नोंदणी सक्तीची नाही, पण वादात पुरावा म्हणून कामी येते. शब्दांच्या किंवा चालीच्या नोंदणीला ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाच्या नोंदणीला २००० रुपये शुल्क आहे. कवी-संगीतकारांनी आयपीआरएस या संस्थेचे सभासद व्हावे, गायकांनी गायकांच्या संस्थेचे. रेडिओ, दूरचित्रवाणी आणि जाहीर कार्यक्रमांची रॉयल्टी गोळा करणे एकट्याच्या आवाक्यातले काम नाही.

मूळ मुद्रण मात्र घरातच ठेवावे, तेही दोन ठिकाणी. मायस्पेस नावाच्या एके काळच्या मोठ्या संगीत-मंचाने २०१९ मध्ये कबूल केले की २०१५ पर्यंत लोकांनी टाकलेला संगीताचा साठा यंत्रे बदलताना नष्ट झाला. ती गाणी पाच कोटींच्या घरात होती. आपल्याकडे रेसो आणि विंक ही दोन्ही दुकाने २०२४ या एकाच वर्षात बंद झाली. ज्याच्याजवळ फक्त लिंक होती त्याच्याजवळ आज काय उरले असेल?

हक्क साठ वर्षे चालतो, गायक तेवढा जगत नाही. मृत्यूनंतर तो हक्क वारसांकडे जातो. पण खाते भाच्याच्या ईमेलवर, पासवर्ड चॅनेलवाल्याकडे आणि मूळ फाइल बिघडलेल्या संगणकात, अशी अवस्था असेल तर विधवा पत्नीने न्यायालयात काय दाखवायचे? म्हणून प्रत्येक कलावंताने एका वहीत आपल्या गाण्यांची यादी करावी. प्रत्येक गाण्यापुढे कवी, मुद्रणाची तारीख, मूळ फाइल कुठे आहे, खाते कोणत्या ईमेलवर आहे आणि पैसे कोणत्या बँकेत येतात ते लिहावे. मृत्युपत्र करावे, त्यात या वहीचा उल्लेख करावा आणि वही घरातल्या बाईच्या हाती द्यावी.